ग्रँट डफच्या गावचा मतदारसंघ

उत्तरवारा (धागाकर्ता) | २ नोव्हेंबर २०२४, सकाळी ९:१०

गेल्या ४ जुलैला मी ब्रिटनमधलं माझं पहिलं मत दिलं, तेही भारतीय पासपोर्ट दाखवून. अनेकांना हे ठाऊक नसतं, पण इथे कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकाला संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. गोऱ्या माणसाचं राज्य आपल्यावर असण्याची एवढी एक भरपाई उरली आहे म्हणा ना. आता मतदानाला फोटोचं ओळखपत्र लागतं आणि त्यात आपला पासपोर्टही चालतो. गावच्या हॉलमध्ये टेबलामागे बसलेल्या बाईंनी पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला. यादीत माझं आडनाव शोधताना पट्टी खाली सरकवत नेली, सापडल्यावर स्वतःशीच "आय, आय" म्हणाल्या आणि कागद फाडून हातात दिला. आडोशात दोरीला बांधलेली पेन्सिल. बोटाला शाई नाही, यंत्र नाही, शिट्टी नाही. फुली मारली, घडी घातली, पेटीत टाकली. घरी येऊन चहा टाकला तेव्हा नऊसुद्धा वाजले नव्हते.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. माझ्या मतदारसंघात एसएनपीचे (स्कॉटलंडचं स्वातंत्र्य मागणारा पक्ष) शेमस लोगन ९४२ मतांनी जिंकले. हरले ते डग्लस रॉस, म्हणजे स्कॉटलंडमधल्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचे तेव्हाचे खुद्द नेते. तिथून मला या मतदारसंघाचं वेड लागलं. गेले चार महिने फावल्या वेळात हेच वाचतोय. बायको म्हणते, सातारच्या मतदारसंघात शेवटचं कोण निवडून आलं ते तरी माहीत आहे का? तो भाग सोडून देऊ.

सातारचं नाव निघालंच आहे तर सांगतो. आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर बॅन्फ नावाचं गाव आहे. डेव्हरॉन नदी समुद्राला मिळते तिथे अलीकडे बॅन्फ, पलीकडे मॅकडफ. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा जेम्स ग्रँट डफ १७८९ साली या बॅन्फमध्ये जन्मला. पेशवाई बुडाल्यावर प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी साताऱ्यात बसवलेला इंग्रजांचा माणूस तो हाच. आणि 'डफ' हे इथलं नुसतं आडनाव नाही, ते हवापाणी आहे. मॅकडफ गाव त्यांचं, आत डोंगरात व्हिस्कीचं डफटाउन त्यांचं, बॅन्फमधला डफ हाउस नावाचा वाडा त्यांचा. या सगळ्यांचा धनी फाइफचा अर्ल (सरदार). आपला ग्रँट डफ अर्लच्या घरातला नव्हे, आईकडून डफ. एडन नावाची आईकडची इस्टेट मिळाली तेव्हा त्याने ते आडनाव पुढे जोडलं.

बॅन्फशायर परगण्याच्या खासदारांची यादी पाहिली तर हसू येतं. दुसरा अर्ल जेम्स डफ १७५४ ते १७८४ स्वतः खासदार. अर्ल असून खालच्या सभागृहात कसा, असं मला वाटलं होतं. तर त्याची पदवी आयर्लंडची, म्हणून चालायचं. मग १८३७ ते १८५७ आणखी एक जेम्स डफ, जो पुढे पाचवा अर्ल झाला. १८५७ ते १८६१ लॅकलन डफ गॉर्डन-डफ, यांना बहुधा एका डफने भागेना. १८६१ ते १८९३ रॉबर्ट विल्यम डफ. म्हणजे सलग ५६ वर्षं दुसऱ्या आडनावाचा माणूस नाही. हे शेवटचे डफ उदारमतवादी पक्षाचे. १८९३ साली त्यांना ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर नेमलं आणि जागा रिकामी झाली.

त्या पोटनिवडणुकीत निवडून आले सर विल्यम वेडरबर्न. हे नाव पुण्यातल्या मंडळींना सांगायला नको. मुंबई इलाख्यात सनदी नोकरी, पुण्यात न्यायाधीश, रानड्यांचे स्नेही, १८८९ च्या मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष. १९०० पर्यंत सात वर्षं ते बॅन्फशायरचे खासदार होते.

जेवायला हाक आली. पुढचं, म्हणजे मासे, तेल आणि एसएनपीचे पुढारी ॲलेक्स सॅमंड, प्रतिसादात टाकतो. (Salmond मधला 'ल' उच्चारत नाहीत. मी दोन वर्षं 'सालमंड' म्हणत होतो आणि कुणी टोकलं नाही.)

---

किल्लेदार_सातारा | सकाळी ११:४२

पहिला माझाच नंबर! ग्रँट डफचं गाव म्हटल्यावर आत आलो, मतदारसंघ वगैरे नंतर दिसलं.

आम्हाला डफ म्हणजे शिवाजी महाराजांवर काय काय लिहून ठेवलं त्याबद्दल शिव्या घालण्याचा माणूस. त्याचा मुलगाही राजकारणात होता ना? माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ. आपल्या साहेबाचं नाव अख्खंच्या अख्खं पोराला ठेवलं! चापलुसी असावी तर अशी. तो मद्रासचा गव्हर्नर होता एवढं आठवतं. बॅन्फशायरच्या यादीत तो कसा नाही?

---

नकाशेबाज | दुपारी १२:३०

@किल्लेदार, तो यादीत नाही त्याला कारण आहे, आणि धागाकर्त्यांनी ते सांगायला हवं होतं. बॅन्फ गाव त्या काळी बॅन्फशायर मतदारसंघात नव्हतंच.

जुन्या स्कॉटलंडमध्ये परगण्याचा मतदारसंघ वेगळा आणि शहरांचा वेगळा. शहरंही एकेकटी नाहीत, पाचसहा लांबलांबची गावं एका माळेत ओवायची आणि सगळ्यांचा मिळून एक खासदार. बॅन्फ ज्या माळेत होतं तिचं नाव एल्गिन बर्ग्ज. एल्गिन, बॅन्फ, कलन, पीटरहेड, इनव्हरुरी, किंटोर. नकाशावर बघा, ही गावं एकमेकांना लागूनही नाहीत. वाई, कराड, फलटण आणि बारामती ही चार गावं उचलून एक मतदारसंघ करावा आणि मधली खेडी दुसऱ्याला द्यावीत, तसं.

या एल्गिन बर्ग्जमधून धाकटे ग्रँट डफ १८५७ ते १८८१ सलग निवडून आले. म्हणजे बाप जिथे जन्मला त्या गावची मतं मुलाला. १८६८ ते १८७४ ते भारतमंत्र्यांच्या हाताखाली उपमंत्री होते, आणि १८८१ ला मद्रासला गेले तेव्हा जागा सोडली. वर्षातून एकदा मतदारसंघात येऊन साऱ्या जगाच्या परराष्ट्रकारणावर लांबलचक भाषण द्यायची त्यांची ख्याती. हेरिंग मासळीवाल्यांना प्रशियाचं राजकारण ऐकवायचे.

ही माळ १९१८ ला तुटली. त्यानंतर बॅन्फ गाव बॅन्फच्या मतदारसंघात आलं.

---

उत्तरवारा | दुपारी २:०५

@नकाशेबाज, चूक मान्य, माझं वाक्य सैल पडलं. वेडरबर्न यांना मतं दिली ती आतल्या शेतकऱ्यांनी, डफटाउन-कीथच्या भट्टीवाल्यांनी आणि बकीसारख्या किनाऱ्यावरच्या गावांनी. बॅन्फमधल्या दुकानदारांनी नव्हे.

---

निवृत्त_तहसीलदार | दुपारी ४:१८

नमस्कार. एकोणीस निवडणुका हाताखालून गेल्या आहेत, म्हणून असे धागे सुटत नाहीत.

वेडरबर्नसाहेबांबद्दल भर घालतो. आमच्या महसुली नोकरीतल्या माणसाने हे विसरू नये. १८७५ ला दख्खनमध्ये शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यानंतरच्या वर्षांतली गोष्ट. वेडरबर्न आणि रानडे यांनी मिळून शेतकी बँकेची योजना आखली. शेतकऱ्याचं जुनं कर्ज एकदा तडजोडीने फेडून टाकायचं आणि पुढे बँकेने रास्त व्याजाने पैसे द्यायचे. प्रयोगासाठी तालुका निवडला होता पुरंदर. मुंबई सरकार राजी, कलकत्त्याचं सरकार राजी. कागद लंडनला गेला आणि भारतमंत्र्यांच्या कचेरीत मेला.

साहेब १८८७ ला निवृत्त झाले आणि विलायतेत जाऊन संसदेची वाट धरली. १८९२ ला उत्तर एअरशायरमध्ये हरले, १८९३ ला बॅन्फशायरमध्ये जिंकले. ज्या टेबलावर आपली फाईल अडली त्या टेबलापर्यंत पोचायचं, असा तो हिशोब असावा. मी आयुष्यभर मंत्रालयात फायली अडलेल्या पाहिल्या. पण त्यासाठी निवडणूक लढवलेला अधिकारी हा एकच.

---

हर्णैची_पोर | संध्याकाळी ६:५१

काका, प्रतिसाद फार आवडला. पण एक शंका आहे. बकीच्या कोळ्याला पुरंदरच्या शेतकऱ्याशी काय देणंघेणं? त्यांनी याला का मत द्यावं? आमच्याकडे शेजारच्या बंदरातला उमेदवार दिला तरी 'बाहेरचा' म्हणतात.

---

उत्तरवारा | रात्री ८:२०

@हर्णैची_पोर, प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं: त्यांनी वेडरबर्नना मत दिलं नाही, ग्लॅडस्टनच्या पक्षाला दिलं. १८८४ च्या सुधारणेने परगण्यांतल्या शेतमजुरांपर्यंत आणि कोळ्यांपर्यंत मताचा हक्क आला. इकडचा साधा माणूस जमीनदाराच्या विरुद्ध म्हणून उदारमतवाद्यांकडे झुकलेला. त्या पक्षाने जो दिला तो त्यांनी घेतला. त्यात हा स्कॉटिश घराण्यातला, एडिनबरात जन्मलेला, नावापुढे सर.

पण निवडून आल्यावर ते तिथे काय करत होते ते बघा. त्या सभागृहात दादाभाई नौरोजी १८९२ पासून होते, सेंट्रल फिन्सबरीचे. १८९३ मध्ये भारताच्या प्रश्नांवर खासदारांची समिती उभी राहिली आणि वेडरबर्न तिचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी जूनमध्ये, सनदी परीक्षा लंडनबरोबर भारतातही घ्यावी असा ठराव ८४ विरुद्ध ७६ मतांनी सभागृहात पास झाला. सरकारने तो बासनात गुंडाळून ठेवला हे वेगळं. पुढे भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगावर दादाभाई आणि वेडरबर्न दोघंही होते. १८९७ ला तिथे साक्ष द्यायला पुण्याहून कोण गेलं होतं?

---

किल्लेदार_सातारा | रात्री ८:४४

गोखले! आणि तिथूनच ते माफी प्रकरण.

पुण्यात प्लेगच्या नावाखाली गोऱ्या सोल्जरांनी घराघरांत घुसून काय केलं याची पत्रं गोखल्यांना विलायतेत मिळाली. वेडरबर्न यांनी खासदारांपुढे त्यांचं बोलणं घडवून आणलं. आरोप छापून आले, पार्लमेंटात गदारोळ. परत आल्यावर मुंबईत पुरावा मागितला, तर पत्रं लिहिणारे पुढे यायला तयार नाहीत, कारण रँडच्या खुनानंतर पुण्यात धरपकड चाललेली. गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली.

म्हणजे तो दिवस बॅन्फशायरच्या खासदाराने जमवून आणला होता. हे मला आज कळतंय. धागा वाचनखूण साठवला.

---

नकाशेबाज | रात्री ९:१५

अवांतर: स्कॉटिश खासदार आणि सातारा हा धागा त्याच्याही आधीचा आहे. प्रतापसिंहांना गादीवरून काढल्यावर त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनला जाऊन बसले. महाराजांची बाजू सभागृहात लावून धरणाऱ्यांत जोसेफ ह्यूम होते, तेव्हा माँट्रोज बर्ग्जचे खासदार. माँट्रोज बॅन्फपासून फार लांब नाही, याच किनाऱ्यावर खाली. या ह्यूमचा मुलगा म्हणजे काँग्रेसवाला ए. ओ. ह्यूम.

---

चहाबाज | ३ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

सगळे साताऱ्यात आणि पुण्यात रमलात. मासे, तेल आणि सॅमंड कुठे आहेत? पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

उत्तरवारा | सकाळी १०:५५

घ्या. आज रविवार आहे, बाहेर वारा असा आहे की कचऱ्याचा डबा शेजाऱ्यांच्या अंगणात जाऊन पडलाय.

वेडरबर्न यांनी १९०० ला निवडणूक लढवली नाही. त्यांच्यामागून आलेले अलेक्झांडर ब्लॅक यांचा शेवट वाईट झाला. डिसेंबर १९०६ मध्ये आर्ब्रोथजवळ एलियट जंक्शनला बर्फात रेल्वेचा मोठा अपघात झाला, त्यात जखमी होऊन ते गेले. १९०७ ला पोटनिवडणूक झाली. १९२४ पर्यंत जागा कुठल्या ना कुठल्या रंगाच्या उदारमतवाद्याकडे राहिली. त्या वर्षी युनियनिस्ट, म्हणजे स्कॉटलंडमधले हुजूर, आले. १९२९ ते ३५ पुन्हा उदारमतवादी, आणि १९३५ पासून जवळजवळ चाळीस वर्षं हुजूरच. मजूर पक्षाला इथे कधीच जागा मिळाली नाही. कोळसा नाही, गिरण्या नाहीत. बोट ज्याची त्याची नाहीतर भावाभावांची, त्यामुळे कोळी स्वतःला कामगार समजत नाही.

ही मधली चाळीस वर्षं मी भराभर ओलांडतो, वाचताना मलाही झोप आली. खरी गंमत १९७४ पासून.

ब्रिटन १ जानेवारी १९७३ ला युरोपच्या सामायिक बाजारात गेलं. आत जायचं तर आपल्या पाण्यात इतरांच्या बोटींना वाट द्यायची. वाटाघाटी चालू असताना स्कॉटिश ऑफिसच्या एका टिपणात लिहिलं होतं की व्यापक विचार करता हे मच्छीमार खर्ची घालण्याजोगे समजावे लागतील. तीस वर्षांनी कागद खुले झाले तेव्हा हे बाहेर आलं. तो शब्द इथे अजून कुणी विसरलेलं नाही. शेजारचे म्हातारबुवा चाळीस वर्षं ट्रॉलरवर होते. ते तो शब्द इंग्रजीत, एकेक अक्षर तोडून उच्चारतात. एरवी त्यांचं बोलणं डोरिक, म्हणजे इथली बोली. 'काय, कसं काय?' ला 'फिट लाइक?', पोराला 'लून', पोरीला 'क्वाइन'. मला पहिलं वर्षभर त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

फेब्रुवारी १९७४ ला बॅन्फशायरमध्ये एसएनपीचे हेमिश वॉट जिंकले. शेजारच्या पूर्व ॲबर्डीनशायर आणि मोरे-नेर्न याही जागा त्याच दिवशी एसएनपीने घेतल्या. समुद्रात तेल सापडलेलं होतं आणि 'हे तेल स्कॉटलंडचं' ही घोषणा जोरात होती. पण किनाऱ्यावरच्या या तीन जागा मला तेलापेक्षा माशाच्या वाटतात. ऑक्टोबरमध्ये एसएनपीचे अकरा खासदार झाले.

मग २८ मार्च १९७९. कॅलहनच्या मजूर सरकारवर अविश्वास ठराव, एसएनपीने सरकारविरोधात मत दिलं, सरकार ३११ विरुद्ध ३१० ने पडलं. कॅलहन त्यांना सभागृहातच म्हणाले होते की टर्की कोंबड्यांनी नाताळ लवकर यावा म्हणून मत दिल्याचं प्रथमच ऐकतोय. तसंच झालं. अकराचे दोन उरले आणि बॅन्फशायर हुजुरांकडे परत.

१९८३ ला नवी फेररचना झाली. बॅन्फशायर मोडलं, किनारा आणि बकनचा मुलूख जोडून 'बॅन्फ आणि बकन' मतदारसंघ झाला. पीटरहेड, फ्रेझरबरा, बॅन्फ सगळं एकात. पहिले खासदार अल्बर्ट मॅक्वारी, हुजूर, टोपणनाव 'बकनचा बुलडॉग'. १९८७ ला या बुलडॉगला २,४४१ मतांनी हरवलं एका बत्तीस वर्षांच्या बँकेतल्या अर्थतज्ज्ञाने.

---

चहाबाज | सकाळी ११:२०

सॅमंड!

---

उत्तरवारा | सकाळी ११:५८

तोच. आणि तो कोळ्याचा पोर नव्हता बरं का. गाव लिनलिथगो, एडिनबराजवळ. पण त्याने इथे स्ट्रिखन गावात बस्तान मांडलं आणि शेवटपर्यंत तिथलाच राहिला.

निवडून आल्यावर वर्षही झालं नव्हतं. मार्च १९८८ मध्ये अर्थमंत्री लॉसन अर्थसंकल्प वाचत होते. इकडे स्कॉटलंडवर डोईपट्टी लादायची तयारी आणि तिकडे श्रीमंतांना करात सूट. सॅमंड मध्येच उभा राहून ओरडला. अर्थसंकल्पाच्या भाषणात मध्ये बोलणं म्हणजे तिकडे सोवळ्यात शिवाशिव. पाच दिवसांसाठी सभागृहाबाहेर काढलं. त्या पाच दिवसांत त्याचं नाव साऱ्या स्कॉटलंडला माहीत झालं. दोन वर्षांत पक्षाचा नेता, आणि २००७ ला स्कॉटलंडचा 'फर्स्ट मिनिस्टर', म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा. मतदारसंघ मात्र २०१० पर्यंत सोडला नाही. त्याच्यामागून आयली व्हाइटफर्ड आल्या. २०१५ च्या लाटेत तर त्यांना ६० टक्के मतं आणि १४,३३९ चं मताधिक्य.

दोनच वर्षांनी, जून २०१७ ला, त्या पडल्या. हुजूर पक्षाचे डेव्हिड ड्युगिड ३,६९३ मतांनी आले.

---

हर्णैची_पोर | दुपारी १:०७

चौदा हजारांचं मताधिक्य दोन वर्षांत गेलं? नक्की काय झालं? मासेच?

---

उत्तरवारा | दुपारी १:४०

मासेच. मध्ये २०१६ चं ब्रेक्झिटचं सार्वमत झालं, युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं. स्कॉटलंडने एकूण 'राहा' म्हणून मत दिलं, पण मोजणी जिल्हावार होती, मतदारसंघवार नव्हती. अभ्यासकांनी आकडे फोडून अंदाज काढले त्यात बॅन्फ आणि बकनचा कौल 'बाहेर पडा' असा निघाला, स्कॉटलंडच्या अगदी उलटा. शेजारच्या मोरे जिल्ह्यात 'राहा'ची बाजू फक्त १२२ मतांनी वर होती.

एसएनपी १९८८ पासून 'युरोपात राहून स्वातंत्र्य' म्हणत आलेली. युरोपच्या मासेमारी धोरणावर टीका करायची, पण युरोप सोडायचा नाही. सॅमंड होता तोवर ही दोरीवरची कसरत जमली. २०१७ ला हुजूर म्हणाले, आमच्याबरोबर चला, पाणी परत मिळेल. म्हातारबुवांनी १९८७ ला सॅमंडला मत दिलं होतं आणि २०१७ ला हुजुरांना. त्यांना विचारलं, पक्ष का बदललात? म्हणाले, मी कुठे बदललो? मी दोन्ही वेळा लंडन आणि ब्रुसेल्सच्या विरुद्धच मत दिलं.

यावरून माझं मत असं झालंय की या मतदारसंघाला पक्ष नाहीच. लांब बसून आपल्या जाळ्याचं माप ठरवणाऱ्याला हा किनारा दर पिढीला एकदा चिमटा काढतो. ज्याच्या हाती त्या वेळी चिमटा असेल त्याला मत.

---

लंडनस्थ | दुपारी ३:२६

असहमत. फार गोड सिद्धांत आहे, पण आकडे नीट बघा. २०१७ ला स्कॉटलंडमध्ये हुजुरांचे तेरा खासदार आले. मोरेमध्ये एसएनपीचे अँगस रॉबर्टसन पडले, आणि खुद्द सॅमंड शेजारच्या गॉर्डन मतदारसंघात पडला. गॉर्डन ब्रेक्झिटवालं नव्हतं आणि तिथे कोळीही फारसे नाहीत. कारण होतं दुसऱ्या स्वातंत्र्य-सार्वमताची धास्ती. 'एसएनपी नको' म्हणणारे सगळे एका उमेदवारामागे गोळा झाले. मासे हे तुमच्या किनाऱ्यावरचं जास्तीचं मीठ.

आणि १८३७ ते १८९३ डफच डफ, तेव्हा कोणाला चिमटा काढत होते? जमीनदार सांगेल तिथे मत. १८७२ पर्यंत मतदान गुप्तही नव्हतं.

---

निवृत्त_तहसीलदार | संध्याकाळी ५:०२

लंडनस्थ यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोड. १८३२ च्या आधी तर याहून मजा होती. स्कॉटिश परगण्यात मताचा हक्क जमीन कसणाऱ्याला नव्हता, वरच्या सरंजामी मालकीला होता. मग फाइफच्या अर्लसारखे लोक ती कागदावरची मालकी फोडून मित्रांच्या आणि नातेवाइकांच्या नावे करायचे. जमीन जागच्या जागी, उत्पन्न अर्लकडे, आणि कागदावर नवे मतदार तयार. सातबारावर नाव एकाचं आणि नांगर दुसऱ्याचा, हे आपल्याकडेही चालतं. पण त्यातून मतं काढण्याची युक्ती आमच्या कुळकायद्याच्या काळातही कुणाला सुचली नाही, नशीब.

---

उत्तरवारा | संध्याकाळी ७:३३

@लंडनस्थ, गॉर्डनचा मुद्दा मान्य, तेवढं माझ्या सिद्धांतात बसत नाही. डफांचाही. पण २०१९ ला ड्युगिडचं मताधिक्य वाढून ४,११८ झालं, आणि त्याच वेळी स्कॉटलंडमध्ये हुजुरांच्या तेराच्या सहा जागा झाल्या, गॉर्डनही गेलं. लाट ओसरली तरी हा किनारा धरून राहिला, तो मिठावरच ना?

आता २०२४. लोकसंख्येचा हिशोब जुळवायला पुन्हा फेररचना झाली. प्रत्येक मतदारसंघात ६९,७२४ ते ७७,०६२ मतदार हवेत असा नियम, आणि स्कॉटलंडच्या ५९ जागांच्या ५७ झाल्या. बॅन्फ आणि बकन हे नाव गेलं. नवं नाव 'ॲबर्डीनशायर उत्तर आणि मोरे पूर्व'. पत्ता सांगितल्यासारखं नाव आहे! त्यातल्या त्यात बरं म्हणजे १९८३ ला तुटलेली बकी आणि कीथ परत आली.

ड्युगिड त्या वेळी मोठ्या आजारातून उठत होता. पक्षाने त्याला उमेदवारी दिली नाही. मला उभं राहायचं होतं, असं तो जाहीरपणे म्हणाला. आणि त्याच्या जागी उभा कोण राहिला? पक्षाचा नेता डग्लस रॉस स्वतः. चारच दिवसांत, १० जूनला, निवडणुकीनंतर नेतेपद सोडतो असं त्याला जाहीर करावं लागलं. (हा रॉस फुटबॉलमध्ये लाइन्समन आहे. ऑफसाइड कशाला म्हणतात ते त्याला कळायला हवं होतं, हा विनोद त्या महिन्यात मी चार वेळा ऐकला.)

निकाल: लोगन १३,४५५, रॉस १२,५१३, आणि तिसऱ्या नंबरवर ब्रेक्झिटवाल्या फराजच्या रिफॉर्म पक्षाला ५,५६२. हुजुरांची मतं तिकडे गेली हे सांगायला पंडित नको. म्हातारबुवांना विचारलं तर म्हणाले, मतदान गुप्त असतं. १९८७ चं आणि २०१७ चं मात्र न विचारता सांगतात.

---

गणिती | रात्री ८:१९

तेरा हजार मतांत खासदार! आमच्या प्रभागात नगरसेवकाला याहून जास्त पडतात.

---

निवृत्त_तहसीलदार | रात्री ८:५०

@गणिती, मतदार पंधरा-वीस लाखांऐवजी सत्तर हजार असले की तसंच होणार. मोजणी हाताने करतात, रात्री दहाला मतदान संपलं की लगेच सुरू, पहाटेपर्यंत उरकतात. ९४२ चा फरक असता तर माझ्या टेबलाशी दोन्हीकडचे प्रतिनिधी फेरमोजणीसाठी गळ्याशी आले असते.

---

हर्णैची_पोर | रात्री ९:३५

उत्तरवारा, एक विचारू? सॅमंड आत्ताच गेले ना? बातमी वाचली होती.

---

उत्तरवारा | रात्री १०:१२

हो, १२ ऑक्टोबरला, उत्तर मॅसेडोनियात ओह्रिदला परिषदेसाठी गेले होते तिथे. शेवटची वर्षं वादांची गेली. स्वतःच काढलेला पक्ष सोडून वेगळा पक्ष काढला होता, जुन्या सहकाऱ्यांशी बोलणं उरलेलं नव्हतं. गेल्या मंगळवारी, २९ तारखेला, स्ट्रिखनमध्ये दफन झालं.

मी कामावरून सुटून त्या बाजूने आलो. अंत्यविधी घरचा होता, त्यामुळे गावाबाहेरूनच वळलो. रस्त्याकडेला एक माणूस बोटीवर घालतात तसल्या पिवळ्या रबरी पँटमध्ये उभा होता, टोपी हातात. बहुतेक फ्रेझरबराहून बंदरावरून थेट आला असावा. घरी आल्यावर म्हातारबुवांना सांगितलं. ते कुंपणापाशी उभे होते. म्हणाले, आमच्यासाठी ओरडला होता तो. मी म्हटलं, पण २०१७ ला तुम्ही त्याच्या पक्षाला पाडलंत की. म्हणाले, तो कुठे उभा होता तेव्हा इथे?

---

लंडनस्थ | रात्री १०:४०

हा मुद्दा मान्य. बाकी गॉर्डनवर उद्या बोलू.

---

किल्लेदार_सातारा | रात्री १०:४४

स्वतःच काढलेला पक्ष? सॅमंडने एसएनपी काढली नव्हती, ती १९३४ ची आहे ना?

---

उत्तरवारा | रात्री १०:५१

बरोबर, घाईत चुकलो. 'स्वतः वाढवलेला' असं वाचा. संपादन बंद झालंय, नाहीतर दुरुस्त केलं असतं. झोपतो आता, उद्या सकाळची पाळी आहे. आणि तो डबा अजून शेजारच्या अंगणात आहे.